नाशिकच्या वहीतलं पान

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास सई कुलकर्णी जिना चढून वर आली, तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी हातात. हातातल्या चपलेचा अंगठा तुटला होता.

"तुम्ही हरवलेल्या वस्तू शोधता ना?"

"माणसंही शोधते. बसा," ऋता मोघे म्हणाली.

दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत ऋताची ही पहिल्या मजल्यावरची कचेरी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले तिचे काका, बिंदुमाधव, रोज तिथे येत, लोक सांगतील ते वहीत टिपून घेत आणि शेवटी काय टिपलं यातच गोंधळून जात.

"मी सहा वर्षांची असताना बाबा घर सोडून गेले," सई म्हणाली. "विश्वेश कुलकर्णी. पत्र नाही, फोन नाही. सत्तावीस वर्षं आईला कळेना, कुंकू लावावं की पुसावं. गेल्या वर्षी ती गेली. आणि महिन्याभरापूर्वी इथल्या गोपीनाथ गुरुजींचा फोन आला. ते आमच्या घराण्याचे तीर्थपुरोहित. यात्रेकरूंची नावगावं लिहून ठेवायच्या त्यांच्या वहीत बाबांची सही असावी, म्हणाले."

"मग तुम्ही आलात."

"ऑफिसातल्या तिघांना घेऊन. सहलीच्या निमित्तानं. घाट, सारनाथ, रामनगरचा किल्ला, उद्या रात्रीची गाडी. काल दुपारी पोचलो. चार वाजता गुरुजींचा फोन आला की पान सापडलं, आत दोरा घालून ठेवलाय, सकाळी नऊला ये. फोन स्पीकरवर होता, चौघांनीही ऐकलं." तिनं हातातली चप्पल खाली ठेवली. "आज दोरा होता. पान नव्हतं."

गोपीनाथ गुरुजींचं घर पंचगंगा घाटाच्या वर, चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला होतं. दार लोटलेलं होतं. ऋतानं ढकलून पाहिलं, काकांनी खांदा लावला. ते हललं नाही.

"साखळी ओढा," आतून आवाज आला.

"कुठली साखळी?"

शेवटी गुरुजीच उठून आले. चौकटीच्या फटीतून बोटभर साखळी डोकावत होती. ती खाली ओढली की आतली कडी सुटायची आणि दार लोटलं की पुन्हा आपोआप बसायची.

"घरातली माणसं आणि जुने यजमान एवढ्यांनाच ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले.

लाल कापडात बांधलेली लांबट वही बैठ्या मेजावर होती. पान शिवणीलगत पात्यानं कापलं होतं. सरळ, एकच. बाकी कशाला हात लागला नव्हता.

"काल पाच ते सहा मी घाटावरच्या बिंदुमाधवाच्या देवळात होतो. रोजच असतो. तेवढा वेळ घर मोकळं."

"पानावर काय होतं, गुरुजी?"

"ते तिनं स्वतः वाचायचं. माझ्या तोंडून नको."

"आणि सईचा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

गुरुजींनी वहीची गाठ पुन्हा बांधली. "एका बाईंनी. नाशिकची वही काढून बघा असंही त्याच म्हणाल्या. नाव विचारू नकोस. शब्द दिलाय."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मला काही उमगत नाही. एक बाई पान दाखवा म्हणते, दुसरं कुणी ते कापून नेतं. मग ही बाई कोण?"

"ते शेवटी बघू. आधी कापणारा."

सईचे मित्र गल्लीतल्याच एका धर्मशाळेत उतरले होते. आधी लीला बोलली. सईपेक्षा चार वर्षांनी मोठी, चष्मा, मांडीवर फुगलेली पिशवी. तिला जुन्या कागदांचं वेड होतं. जुनी पत्रं, पोस्टकार्डं, कुणाकुणाची हस्ताक्षरं ती जमवायची. पिशवीत कागद कापायचं पातंही होतं.

"हे बघून तुम्हाला काय वाटेल ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण काल मी चौकात साडी बघत होते. निघाले आणि गल्ल्यांत अशी फिरत बसले की एकाच गायीशेजारून तीनदा गेले. रोहनला फोन केले. पोचले तेव्हा सात वाजले होते."

रोहनच्या फोनवर तिचे चार कॉल होते.

"पण तुम्ही त्या वेळी कुठे होता?" ऋतानं त्याला विचारलं.

रोहननं हातातला फोन खाली ठेवला. "मी सगळ्यांना सांगितलं होतं, डोकं दुखतंय, झोपतो. खोटं होतं ते. सव्वापाचला मी गुरुजींकडे गेलो."

सईनं मान वर केली.

"तू हे उकरू नयेस असं मला पहिल्यापासून वाटतं," तो तिला म्हणाला. "बाबांनी दुसरं घर केलेलं निघालं तर तू मोडशील. म्हटलं, गुरुजींना हात जोडावेत, नका दाखवू म्हणावं. दार ढकललं, हाका मारल्या. बंद होतं. परत आलो."

काकांनी 'रोहन' या नावाखाली दोन रेघा मारल्या. मग पात्याची आठवण होऊन 'लीला'खालीही मारल्या.

राहिला देवव्रत. सव्वीस वर्षांचा, दाढीवाला, सईच्याच हाताखाली काम करणारा. तोही कुलकर्णीच. ऑफिसात त्यांना मोठी कुलकर्णी आणि छोटा कुलकर्णी म्हणत. बोलण्यात हिंदी डोकावायचं, कारण तो इंदूरचा, असं सईनं सांगितलं.

"मी नावेत होतो," तो म्हणाला. "बनारसला पहिल्यांदाच आलोय ना. साडेपाचला ग्रुपवर फोटोपण टाकला."

त्यानं फोटो दाखवला. पाण्यातून टिपलेला भोसले घाट. दगडी वाड्याच्या दर्शनी भिंतीवर झळझळीत पिवळं ऊन पडलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आत्ता, नावेतून.'

"सुंदर आहे," ऋता म्हणाली. "आज सकाळी गुरुजींकडे तुम्ही नव्हता का?"

"होतो की. बाहेर पायऱ्यांवर. माकडं चपला उचलतात इथे, कुणीतरी थांबायला पाहिजे होतं."

"परत धर्मशाळेत कसे आलात? बाकीच्यांना पाऊण तास लागला, सई म्हणाली."

"ते मेन रोडनं गेले. मी चौखंभ्याकडून गल्ल्यागल्ल्यांनी आलो, दहा मिनिटांत."

जिना उतरताना काका म्हणाले, "तिघांपैकी एकानं दार बंद होतं सांगितलं, एकीकडे पातं आहे, एक नावेत. मी कुणावर संशय घेऊ तेच कळत नाही."

"चार वाजता सगळ्यांना पंचगंगेच्या पायऱ्यांवर बोलवा," ऋता म्हणाली.

चारला सगळे पायऱ्यांवर येऊन बसले. पलीकडच्या वाळूवर ऊन होतं. अलीकडे, घरांची सावली त्यांच्या डोक्यांवरून पाण्यापर्यंत उतरली होती.

"पान नेणाऱ्याला दार उघडता येत होतं," ऋतानं सुरुवात केली. "रोहनना ते आलं नाही. मला आणि काकांनाही आलं नाही. लीलाताई सातपर्यंत चुकलेल्या होत्या, फोन साक्ष आहेत. म्हणजे ज्याला साखळी ठाऊक, तो आधी कधीतरी या घरात आलेला माणूस."

"पण आम्ही कुणीच आलेलो नाही," सई म्हणाली.

"वर बघा. सूर्य कुठे आहे?"

सगळ्यांनी माना वळवल्या. तो घरांच्या मागे होता.

"काशीचे सगळे घाट पूर्वेला तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्यावर ऊन पडतं, दुपार कलली की सावली. संध्याकाळी साडेपाचला भोसले घाटाच्या वाड्यावर पिवळं ऊन पडूच शकत नाही. फोटो सकाळचा आहे. तुम्ही तर काल दुपारी पोचलात. तोवर या सहलीत काशीतली सकाळ झालीच नव्हती." ती देवव्रतकडे वळली. "फोटो जुना आहे. तुम्ही इथे पहिल्यांदा आलेला नाहीत. पहिल्यांदा आलेला माणूस चौखंभ्याकडून दहा मिनिटांत येत नाही. आणि चपला राखायला बाहेर थांबलात, कारण गुरुजींनी तुम्हाला ओळखलं असतं."

सईनं देवव्रतकडे पाहिलं, मग ऋताकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "देव, तुला माझ्या बाबांच्या सहीशी काय करायचंय?"

"ते माझेपण बाबा होते," तो म्हणाला.

लीलानं सईचा हात धरला.

"मी इथलाच. बालाजी घाटाजवळचा. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. जायच्या आधी मला एकट्याला सांगितलं, नाशकात तुझी बहीण आहे. घर का सोडलं ते विचारलं, तर नुसते रडले. मी तुला शोधलं, नोकरी पकडली. रोज वाटायचं, आज सांगू. पण त्या पानावर माझं आणि अम्माचं नाव आहे, लहानपणी बाबांनी माझ्यासमोरच लिहिलेलं. तू वाचलं असतंस तर सीधी घरी आली असतीस. अम्माला यातलं काही माहीत नाही, ताई. ती नुसतं बाबांचं नाव घेऊन जगते."

पहिल्यांदाच तो तिला ताई म्हणाला. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"पान कुठे आहे?" ऋतानं विचारलं.

त्यानं पाकिटातून घडी काढली. "वाचलं नाही मी. हिंमत नाही झाली."

"मग आता दोघं मिळून वाचा. कारण मला एक प्रश्न उरलाय. सईचा नंबर काशीत कुणाकडे असणार? तुम्ही दिवाळीला घरी आला असाल. फोन चार्जिंगला लावून झोपलाही असाल."

सईनं घडी उघडली. शाई तपकिरी पडली होती, पण अक्षर सुवाच्य होतं. ती हळूहळू वाचू लागली.

"विश्वेश कुलकर्णी, मूळ नाशिक, सांप्रत काशी. मातृश्राद्धासाठी आलो. द्वितीय पत्नी सुनीती. पुत्र देवव्रत, वय नऊ." ती थांबली. पुढची ओळ तिनं मनातच वाचली आणि कागद देवव्रतच्या हातात दिला.

त्यानं मोठ्यानं वाचलं. "प्रथम पत्नी नाशिक येथे. कन्या सई. तिचा अपराधी आहे." खाली दोन सह्या होत्या. दुसरी त्याच्या आईची.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "सतरा वर्षं. आणि मी तिच्यापासून लपवत बसलो."

"तीही तुमच्यापासून. गुरुजींना नंबर देणाऱ्या बाई त्याच," ऋता म्हणाली.

बालाजी घाटाजवळच्या घरापर्यंत दोघं चालत गेली. बाकीचे मागे राहिले. काकांनी वहीतल्या चारही रेघा खोडल्या.

दार साठीकडे झुकलेल्या एका बाईंनी उघडलं. त्यांनी मुलाच्या हातातला कागद पाहिला आणि त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या मुलीकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"अम्मा, मी..." देवव्रतनं सुरुवात केली.

"नंतर बोल," त्या म्हणाल्या. "आधी दारातून बाजूला हो. ती आत कशी येईल?"