आबांच्या छातीतला ऊर्जावेचक

कोल्हापूरच्या हृदयतंत्र प्रयोगशाळेत पडद्यावर बॅटरीचा आकडा झळकला, ब्याण्णव टक्के, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त डॉ. नेरुरकरांनी हात हलवला नाही. ते मंजुरी समितीचे प्रमुख. टाळी वाजवण्याआधी गणित तपासणारा माणूस!

पेसमेकरची बॅटरी संपली की छाती पुन्हा उघडावी लागते. ती वेळच येऊ द्यायची नाही, असा विडा शर्वरी इंगवलेनं उचलला होता. तिचा ‘ऊर्जावेचक’ म्हणजे हृदयाला चिकटवलेली एक पातळ पट्टी. दर ठोक्याला ती वाकते आणि कणभर वीज देते. सर्किट ती वेचून तांदळाच्या दाण्याएवढ्या बॅटरीत भरतं.

“वीज मिळते हो,” शर्वरी म्हणाली, “पण वेचणारं सर्किटच ती खाऊन टाकतं. माझं सर्किट दोन ठोक्यांच्या मध्ये झोपतं, म्हणून काही उरतं.”

“उरतं तेवढं पेसमेकर वापरतो,” नेरुरकर म्हणाले. “सहा महिन्यांपूर्वी बॅटरी चाळीस टक्के होती. ती चाळिसावरच राहायला हवी. वरचे बावन्न आले कुठून?”

आनंदाच्या भरात हा प्रश्न शर्वरीला सुचलाच नव्हता. तिनं मागं वळून पाहिलं. हे यंत्र छातीत बसवून घेणारा पहिला माणूस तिथं बसला होता. तिचे वडील, पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेले वायरमन.

“आबा, खरं सांगा.”

“आता काय सांगू?” आबा ओशाळले. “रोज दोनदा जोतिबाचा डोंगर चढतोय. पोरीची बॅटरी उपाशी राहायला नको म्हणून!”

“अहो इंगवले, चालण्याच्या धक्क्यांनीही ती पट्टी वाकते!” नेरुरकर म्हणाले. “आणि हे यंत्र हवंय अंथरुणाला खिळलेल्यांना. लेकीची सगळी मेहनत पाण्यात घातलीत.”

आबांचा चेहरा उतरला. मग ते ताठ उभे राहिले. “असं व्हय? मग निजूनच दाखवतो.”

अट ठरली. चौदा दिवस पडून राहायचं, आणि आकडा ब्याण्णवच्या खाली उतरला तर प्रकल्प बंद. खोलीत कॅमेरा लागला. घरात कधी दहा मिनिटं टेकले नसतील असे आबा, पण पठ्ठ्या हलला नाही! आलेखाची रेषा सपाट राहिली. फक्त रोज चार वाजता ती थोडी वर चढायची.

“पुन्हा लबाडी!” नेरुरकर भडकले. त्यांनी सगळं चित्रण पाहिलं. आबांनी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. चारला फक्त त्यांचे ठोके जोरात पडायचे.

चौदाव्या दिवशी चार वाजता नेरुरकर स्वतः खाटेशी जाऊन उभे राहिले. पलीकडच्या दालनात शर्वरी रोजच्यासारखी पाहुण्या इंजिनियरांना सर्किट समजावत होती. प्लायच्या भिंतीतून शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. तिचं बोलणं संपलं तसा एक म्हातारा आवाज म्हणाला, “बाई, आम्ही वीस वर्षं यावर डोकं फोडलं. तुम्ही करून दाखवलंत.”

आबांचे डोळे भरून आले होते. “माझी लेक हाय ती, सायेब,” ते हळूच म्हणाले.

नेरुरकरांनी चारचा चढ वजा केला. तरीही रेषा ब्याण्णववरच राहिली. त्यांनी मंजुरीवर सही केली, आणि वापराच्या सूचनांखाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली: “रुग्णाला रोज तासभर त्याच्या मुलाबाळांचं कौतुक ऐकू द्यावं. बॅटरीसाठी आवश्यक.”