संदर्भ विभागातला आवाज

मी विनुता. वकील आहे. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. तरी सांगते, हे घडलंय... हसायचं तर हसा.

१९९४ चा मे महिना. तंजावूर.

माझी राजम मावशी विधवा, मूलबाळ नाही. नवरा जाऊन वर्ष झालं नाही, तोच दीर वादिराज तिला राहत्या घरातून हुसकायला निघाला. मेल्याला लाज कशी ती नाही! दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती. अशाच एका विधवेच्या बाजूने लागलेला जुना निकाल मला हवा होता.

गावात एसटीडी बूथ उगवले होते, पण निकाल शोधायचा तर धुळीतच हात घालावा लागे.

संध्याकाळ. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, संदर्भ विभागात, मी एकटी. ग्रंथपाल वैद्यनाथ खाली कॉफीला गेलेले.

करंट गेला. पंखा थांबला.

आणि... कपाटामागे कोणीतरी पान उलटलं.

"यारु?" कोण आहे, मी तमिळमध्ये विचारलं.



पुन्हा पान उलटलं...

मग बाईचा आवाज. मराठीत! आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत बोलतात तशीच, पण फार जुनी.

"वर नव्हे... खालीं पाहा."

खालच्या फळीवर हात घातला. हाती आलेला निकालांचा खंड खिडकीपाशी नेला. तोच निकाल!

खरं तर घाबरायला हवं होतं. पण आठवडाभर त्या केससाठी एकटीच वणवणत होते, कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.

"कोण हो तुम्ही? फार उपकार झाले!"

"मज घरांतून काढलें तेव्हां... मजसाठीं कोणी कांहीं शोधलें नाहीं."

आपण बोलून जातो तसं बोलून गेले, "मावशीचं घर राहिलं की या हं तिकडे."

मग कपाटामागे डोकावले...

भिंत. माणूस मावेल एवढी जागाच नव्हती.

निकाल मावशीच्या बाजूने लागला. नंतर एकदा तिच्याकडे गेले.

"एकटीला करमतं का गं, मावशी?"

"एकटी कुठं? तू पाठवलेली बाई आहे की. फार बोलत नाही बिचारी."

आत पाहिलं... पान वाढलेलं. पाटावर कोणी नाही.

पण मावशी इतकी खुशीत होती, की मी शेजारी पाट ओढून जेवायला बसले.

आता मावशीही गेली. घर माझ्या नावे करून गेली. गिऱ्हाइकं येतात, मी परत पाठवते. विनुताला वेड लागलंय म्हणतात. म्हणू देत.

बंद दाराआड अजून भांडी वाजतात...

विकायचं तर घर आधी रिकामं करून द्यायला हवं. तिला कुठल्या तोंडाने सांगू, निघा म्हणून?