सोबतीचा माणूस

सासूबाई माझ्याशी भांडायच्या बंद झाल्या, तेव्हा घरात सगळ्यात आधी मी घाबरलो.

लोकांना हे सांगितलं की ते हसतात. जावयाला यापेक्षा मोठं सुख कुठलं, असं त्यांना वाटतं. पण आमचं भांडण साधंसुधं नव्हतं. मी लिफ्ट तपासणारा सरकारी माणूस. दिवसभर दोर, ब्रेक, दरवाजे आणि तोंडावर खोटं बोलणारे कंत्राटदार. संध्याकाळी घरी आलो की सासूबाई दारातच सुरुवात करायच्या, "आलात? आज कुठल्या इमारतीला जिने चढायला लावलंत?" मी चपला काढता काढता म्हणायचो, "आई, सगळीकडचे ब्रेक तपासून झाले, तुमच्या जिभेचा तेवढा राहिलाय." मग जेवणं होईपर्यंत आमची जुंपायची. बायको म्हणायची, उद्यापासून तुम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत वाढते. दिवसातला तो माझा सगळ्यात आवडता वेळ होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सासूबाईंना तर मुळीच नाही.

मग त्यांना नागीण झाली. उजव्या बरगडीखाली पुरळ उठलं आणि यथावकाश गेलं, पण दुखणं मागे राहिलं. अंगावरचा कपडा टेकला तरी त्या कळवळायच्या. पंख्याचा वाराही सोसेना. नसांचं दुखणं आहे, चिकट असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या पाठोपाठ मन खचलं. भिंतीकडे तोंड करून त्या नुसत्या पडून राहू लागल्या. मी मुद्दाम कळ काढून पाहिली. म्हटलं, "आई, आजचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी होतं." त्या म्हणाल्या, "असेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, काहीतरी करायला हवं.

गोळ्या बदलून झाल्या, त्यांच्या वेळा बदलून झाल्या. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला एका भूलतज्ज्ञाकडे पाठवलं. हे गृहस्थ केटामाइनचे उपचार करायचे. बोलताना पेनाचं टोपण चावायची त्यांना सवय होती. म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण आपण अगदी थोडं देतो. तीन प्रकारे देता येतं. नाकात फवारा, तो फक्त नैराश्यासाठी. जिभेखाली गोळी, ती सौम्य, कितपत लागू पडेल याचा भरवसा नाही. आणि शिरेतून, सलाइनसारखं, थेंबाथेंबानं. यांचं मनही दुखतंय आणि नसाही, म्हणून मी शिरेतून म्हणेन. सगळ्यांना गुण येतो असं नाही. आला तरी टिकवायला मधूनमधून पुन्हा यावं लागतं."

"जे लवकर संपेल ते द्या," सासूबाई म्हणाल्या.

"अट एकच. सोबतीचा माणूस हवा," डॉक्टर माझ्याकडे वळले. "औषध चालू असताना मन शरीरापासून जरा सुटं होतं. परत येताना ओळखीचं कुणीतरी जवळ असावं. आणि घरी न्यायलाही तोच माणूस. सोबतीशिवाय आम्ही इथून कुणालाही सोडत नाही."

"कुणालाही?"

"एकदा एका न्यायाधीशांना दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं होतं. त्यांनी आम्हाला कलमं सांगितली. आम्ही त्यांना बिस्किटं दिली."

बायको शाळेत शिकवते आणि परीक्षा तोंडावर होत्या. तेव्हा सोबतीचा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली.

खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. हिरवट पडदे, मागे झुकवता येणारा पलंग, दर थोड्या वेळानं दंड आवळून रक्तदाब मोजणारं यंत्र. पलंगाच्या एका बाजूला, दाराजवळ, माझ्यासाठी आरामखुर्ची. दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंत व पलंग यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फट. सिस्टरनं सासूबाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, अंगावर लोकरी शाल घातली. तेवढ्यात माझा फोन वाजला. एका कंत्राटदारानं लिफ्टच्या दोराला गंज चढलेला असताना वर रंग मारला होता. मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि सासूबाईंचं औषध संपेपर्यंत त्याची खरडपट्टी काढत होतो.

परत आलो तर सिस्टर मला म्हणाली, "किती छान बोलत होतात हो त्यांच्याशी. एकदासुद्धा हात सोडला नाहीत."

मला वाटलं, तिची शेजारच्या खोलीशी गल्लत झाली. दिवसभर माणसं येतात-जातात, चालायचंच.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी जेवताना पुन्हा वाढून घेतलं. वाढून घेतलं म्हणजे स्वतः पातेल्यात डाव घातला. बायको बघतच राहिली. सासूबाई तिला म्हणाल्या, "यांनी आज मला काय हसवलं म्हणून सांगू. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाचा किस्सा." असा किस्सा माझ्याकडे आहे खरा. पण तो मी त्यांना कधी सांगितला नव्हता, कारण त्यात चूक माझी होती.

जेवणानंतर बायकोनं एक संत्रं सोललं आणि फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "तू इतका मायाळू असशील असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली. तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणी संत्रं सोलून देत असेल तर माणूस चौकशी काढत बसत नाही. मी खाऊन टाकलं.

पुढच्या खेपेला मी फोन बंद केला आणि आरामखुर्चीत ठाण मांडून बसलो. औषध चढायला लागलं तशी सासूबाईंची मान हळूहळू वळली. माझ्याकडे नाही, भिंतीकडे. भिंतीजवळच्या फटीशी त्या बोलू लागल्या. मधेच थांबून ऐकायच्या, मग हसायच्या. त्यांचा हात पलंगाच्या कडेवरून बाहेर लोंबत होता आणि बोटं अशी मिटलेली होती की जणू कुणाचा तरी पंजा धरलाय. हे सगळं औषधानं होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मी मांडी बदलली आणि स्वतःला तसं बजावलं.

तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आली. माझ्यासमोरून गेली, पलंगाला वळसा घातला आणि भिंतीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर कप ठेवून म्हणाली, "साखर कमी घातलीय, मागच्या वेळी म्हणाला होतात तशी."

"सिस्टर, मी इथं आहे," मी म्हटलं.

ती वळली. माझ्याकडे पाहून क्षणभर तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती ओशाळून हसली. "हो की. आज डोकं ठिकाणावर नाही माझं." आणि कप उचलून मला आणून दिला. मी चहात दोन चमचे साखर घेतो. हा बिनसाखरेचा म्हणावा इतका फिका होता, आणि अर्धा संपलेला होता.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "असे भास होतात, घाबरू नका."

"पण औषध सासूबाईंना दिलंय, सिस्टरला नाही."

डॉक्टरांनी टोपण तोंडातून काढलं. "तुम्ही थकलेले दिसता," ते म्हणाले. "घरी आजारी माणूस असलं की असं होतं."

त्यानंतरच्या वेळी लिफ्टचा प्रकार झाला. चाकाच्या खुर्चीत सासूबाई, खुर्ची ढकलणाऱ्या मावशी आणि मी. दार मिटेना, जादा वजनाची घंटा वाजायला लागली. आता, या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. ती लिफ्ट तेवढं वजन सहज उचलते. मावशी काडीसारख्या, सासूबाई आजारानं अर्ध्या झालेल्या. मी म्हटलं, वजनाचा काटा बिघडलाय, तक्रार घालतो. मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमच्यापैकी एकजण जिन्यानं या ना."

मी बाहेर पडलो. घंटा बंद झाली, दार मिटलं. जिना उतरत असताना लिफ्टच्या पोकळीतून सासूबाईंचं खळखळून हसणं ऐकू येत होतं आणि त्याखाली एक पुरुषी आवाज. लिफ्टमधून कुणी तक्रार करत असेल तर मी तो आवाज कितव्या मजल्यावरून येतोय ते बिनचूक सांगतो. हा आवाज कुठून येतोय ते मला सांगता आलं नाही, पण कुणाचा आहे ते कळलं. ध्वनिमुद्रित झालेला स्वतःचा आवाज आपल्याला आवडत नाही, तसा तो मला अजिबात आवडला नाही.

खाली पोचलो तर सासूबाई म्हणाल्या, "अहो, आत्ता तर इथं उभे होतात. धाप कशानं लागली?"

सासूबाई मात्र बऱ्या होत होत्या, हे कुणालाही दिसत होतं. बरगडीला हात लावून दाखवायच्या. पत्ते काढून खेळायला बसायच्या, बायकोला परीक्षेच्या पेपरांवरून टोमणे मारायच्या. दारावर येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. फक्त माझ्याशी त्या गोड बोलायच्या. मी म्हटलं, "आई, आजचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं आपलं काहीतरीच." मी तो चहा घेऊन गॅलरीत गेलो आणि मला खरोखर रडू आलं.

बायकोला म्हटलं, "पुढचे उपचार थांबवूया का?"

"का?"

"तिथं माझ्याऐवजी दुसरंच कुणीतरी येतं."

"आई भिंतीकडे तोंड करून पडायची ते विसरलास तू?" ती हळू आवाजात म्हणाली. "तिला बरं झालेलं बघवत नाही का तुला?"

मला त्यांना बरं झालेलं बघवत होतं. तेवढ्यासाठीच तर मी जात होतो.

ठरलेल्या उपचारांपैकी शेवटच्या दिवशी, सिस्टर सुई लावायला येण्याआधी, मी सासूबाईंच्या पलंगाशी वाकलो. "आई, एक सांगायचंय. औषध चालू असताना तुमच्याशी जो बोलतो, तो मी नव्हे."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

मी खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही एवढं गोड कुठं बोलता?" त्यांनी शाल छातीपर्यंत ओढून घेतली. "सुरुवातीला फसले. मग आलं लक्षात."

"मग तुम्ही कुणाला काही बोलला का नाहीत?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "तो आला की दुखत नाही हो, जावईबापू," त्या म्हणाल्या.

सिस्टर आत आली. पट्टी बांधली, थेंब सुरू झाले. मी आरामखुर्चीत बसलो आणि डोळे त्या फटीवर रोखले.

पडदा हलला नाही. कुणी आलं नाही.

सासूबाई बोलू लागल्या. मला शब्द कळत नव्हते.

यंत्रानं दंड आवळला. कुणाचा, ते मला नीट कळलं नाही.

मी डोळे मिटले असतील. मिटले असतील तर पापणी लवण्यापुरतेच, असं मी आजही शपथेवर सांगेन.

उघडले तेव्हा पलंगाच्या कडेला सासूबाईंच्या चपला नव्हत्या. पर्स नव्हती. पलंगावर मी होतो.

"लगेच उठू नका," सिस्टर म्हणाली. "चक्कर येईल."

"आई कुठं आहेत?"

"त्या मघाशीच गेल्या की. जावई घेऊन गेले त्यांना."

"जावई मी आहे."

"हो, हो," सिस्टर म्हणाली. ती सासूबाईंशी बोलताना जो सूर लावायची, तोच सूर होता. "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. सासूबाईंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि बायको हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आई, मी बोलतोय."

दार लोटल्याचा आवाज आला, मागचे आवाज बारीक झाले.

"जावईबापू," त्या कुजबुजल्या, "इथं सगळे जेवायला बसलेत."

"आई, मला इथून सोडत नाहीयेत. कुणीतरी यायला हवं."

"कळतंय हो मला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "पण आज पहिल्यांदा मी उजव्या कुशीवर झोपले. जरा वेळ. किती महिन्यांनी. तुम्ही थोडे दिवस तिथं थांबाल का? माझ्यासाठी म्हणून?"

त्या फोन ठेवतील अशी मला भीती वाटली.

"आई," मी विचारलं, "आता बरगडी मुळीच दुखत नाही?"

"मुळीच नाही."

"मग थांबतो," मी म्हणालो.

सिस्टरनं माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि शाल माझ्या खांद्यापर्यंत ओढली. मग तिनं वर पाहिलं, माझ्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला.

"आलात का? बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही यांचे कोण?"

आणि मान डोलावत ती उत्तर ऐकत राहिली.