कोरी खुर्ची

पुलगावचे अण्णाजी गादीच्या खुर्च्या शिवत, आणि आपल्या हातची खुर्ची दुसऱ्या कुणी उघडलेली त्यांना खपत नसे. म्हणून १९५४ च्या चैत्रात बोरगावहून श्रीनिवासरावांचं कार्ड आलं, 'देवळीच्या बंडोपंतमामांच्या दोन हातांच्या खुर्च्या वारशानं आमच्याकडे आल्या आहेत, कापड विरलं आहे, खाली तुमचं नाव कोरलेलं दिसलं,' तेव्हा त्यांनी दाभण, हातोडी आणि बारीक चुका-खिळ्यांचा डबा पिशवीत टाकला आणि सकाळची पॅसेंजर धरली. उन्हाळ्यात घरी माश्या मारत बसण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. देवळीचं नाव वाचून छातीत जे झालं, ते काही सांगितलं नाही.

श्रीनिवासराव कचेरीत कारकून होते. वर्ध्याच्या कडेला ह्या बोरगावात तीन खोल्यांचं घर, पुढं पडवी, पडवीला वाळ्याचा पडदा. घरात ते, त्यांची बायको सरोजिनीबाई, आणि माघात मामा गेल्यापासून आश्रयाला आलेल्या यशोदामामी. सरोजिनीबाईंना सातवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं ते घर पावलं टाकत होतं.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जमिनीवर बसायचं नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "म्हणून ही घाई. बाळंतपण होईस्तोवर तिला दिवसभर टेकून बसता आलं पाहिजे."

"मंग मामासाहेबांची खुर्ची द्या त्याईले," अण्णाजी म्हणाले. "चौकट मजबूत हाये."

"छे! मामा त्याच खुर्चीत गेले. बसल्या बसल्या. ती माझ्यासाठी राहू द्या. हिला ही दुसरी. ही कोरी आहे. तीस वर्षांत हिच्यावर कुणी बसलेलं नाही. मी लहानपणी एकदा चढलो होतो, तर मामांनी असं मारलं की आठ दिवस पाठ टेकवत नव्हती."

 अण्णाजींनी खुर्ची पालथी केली आणि आपलंच नाव अंगठ्यानं पुसून पाहिलं.

कामठीच्या ज्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांच्या दोन शिकवणी होत्या. पहिली अशी की बसणारा माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बैठक शिवायची नाही. गोणपाटावर सैल रुई पसरायची, त्या माणसाला तिच्यावर एक पान चघळून होईपर्यंत बसवायचं, आणि तो उठल्यावर जो खळगा उरतो तो हातानं वाचायचा. दुसरी शिकवण म्हणजे जुनी गादी नव्यानं भरताना जुन्यातली मूठभर रुई नवीत घालायची. उस्ताद तिला विरजण म्हणत. खुर्ची उघडली की अण्णाजींचा हात आपोआप एक मूठ काढून शेजारी काढलेल्या आपल्या टोपीत ठेवी, आणि भरताना आपोआप ती आत घाली. चाळीस वर्षांत त्यासाठी डोकं वापरायची वेळ आली नव्हती.

पहिली शिकवण मात्र त्यांनी एकदा मोडली होती, आणि ती ह्याच कोऱ्या खुर्चीपायी.

तीस वर्षांमागे बंडोपंत बैलगाडीतून पुलगावला आले होते. स्वतःची बैठक त्यांनी दिली. मग गाडीतून एक परात उतरवली. परातीत रुई होती आणि रुईत एक लहानसा खळगा. "ही माझ्या मुलाची. सहा वर्षांचा आहे. ताप आहे, आणता येत नाही. यावरून बैठक करा. चौकट मात्र मोठ्या माणसाची ठेवा. तो मोठा होईल." अण्णाजींचं तेव्हा नुकतं लग्न झालं होतं, हाताला काम हवं होतं. त्यांनी शिवली. पुढं महिन्याभरानं देवळीचा एक माणूस बोलता बोलता म्हणाला, बंडोपंतांचा मुलगा गेला. कधी? त्यानं सांगितलेला दिवस परात येण्याच्या आधीचा निघाला. चांगला आठ दिवस आधीचा.

तेव्हापासून परातीतल्या त्या खळग्यात कोण बसलं होतं, हा प्रश्न अण्णाजींनी स्वतःला कधी विचारला नव्हता. पोटापाण्याचे धंदे असले प्रश्न विचारून चालत नाहीत.

मामांची खुर्ची त्यांनी आधी उघडली. आत हवं तेच होतं. उजवीकडे झुकलेला, भारदस्त माणसाचा खळगा. मग कोरी. वरचं कापड निघालं, खालचं मांजरपाट निघालं, आणि अण्णाजींचा हात रुईवर थांबला.

गादी बसलेली होती. चांगली दाबून, घट्ट बसलेली. ऐन तिशीतल्या, रुंद मांड्यांच्या पुरुषाची बैठक.

कोणीतरी खोटं बोलत होतं. अण्णाजींच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी रुईचा वरचा थर उचलला. खाली आणखी एक खळगा, थोडा अरुंद. त्याखाली आणखी लहान. लाकडाच्या कापात जशी वर्षं दिसतात तसे एकाखाली एक खळगे, आणि तळाशी तो परातीतला वीतभर खळगा, जसाच्या तसा. समोरच्या पट्टीवर आतल्या कापडाला टाचांनी घासल्याच्या खुणांच्या जोड्या होत्या. सगळ्यात वरची जोडी बैठकीच्या काठाला लागून, पुढची चार बोटं खाली, त्याच्या पुढची आणखी खाली. मग जोड्या संपल्या होत्या. पाय जमिनीला पोचले की टाचा घासत नाहीत.

वाळ्याचा पडदा वाळून खडखडत होता. बाहेर दुपारच्या झळा धूळ उडवत होत्या, आणि भर बारा वाजता अण्णाजींच्या मानेवर थंड घाम आला.

दारात यशोदामामी उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. कृश, लाल आलवणातली म्हातारी. तिची नजर अण्णाजींवर नव्हती, त्यांच्या हातावर होती.

"बाई," अण्णाजी हळूच म्हणाले, "एक इचारू? ह्या खुर्चीवर कोण बसे?"

"कुणी नाही."

"रुई तर बसली हाये..."

"मी जन्मात खुर्चीवर बसले नाही, अण्णाजी. आमच्यात बायका खुर्चीवर बसत नसत. मी उंबऱ्याशी बसायची. ते त्यांच्या खुर्चीत." त्यांनी कोऱ्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि समोर ही."

"मंग हे..."

"तुम्ही चांगली शिवली होती," मामी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

अण्णाजी भोळे नव्हते. म्हातारीला सगळं ठाऊक होतं, आणि म्हातारी काहीतरी मागायला आली होती, हे त्यांना उमजलं. काय, ते उमजलं नाही. पण आतून सरोजिनीबाईंच्या बांगड्या वाजल्या, आणि त्यांनी ठरवून टाकलं. या खुर्चीत ही पोर बसायची आहे, तेव्हा आत जुना एक धागा राहू द्यायचा नाही. स्प्रिंगा, काथ्या, गोणपाट, सगळं नवं. जुनी रुई त्यांनी गोणीत कोंबली आणि परसात नेऊन काडी लावली. रुई जळताना खमंग वास येतो, सरकी भाजल्यासारखा. हिला ओल्या केसांचा वास आला, न्हाऊ घातलेल्या पोराच्या डोक्याचा.

"सगळी जाळली?" मामींनी मागून विचारलं.

"सगळी."

मामी हसल्या. रागावल्या असत्या तर अण्णाजींना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरोजिनीबाईंची बैठक घेतली. त्या गोणपाटावर बसून हसू लागल्या. "अहो, मी बसले की पान न चघळताच खड्डा पडेल. दोघांचं वजन आहे."

"पडू द्या, माय. तुमचाच पडला पाह्यजे. दुसऱ्याचा नाई."

"म्हणजे?"

"काई नाई. हातची गोष्ट हाये."

तो खळगा त्यांनी दोनदा वाचला. मग देवाचं नाव घेत हिंगणघाटची नवी पांढरी रुई भरली, थर दाबले, दाभणानं टाके घातले, वर हिरवं जाड कापड ताणून चुका ठोकल्या. संध्याकाळच्या आत दोन्ही खुर्च्या उभ्या राहिल्या. श्रीनिवासराव खुर्च्या दाखवायला शेजाऱ्यांना बोलावून घेऊन आले. सरोजिनीबाई हिरव्या खुर्चीत बसल्या, पाठ टेकली, आणि "अगं बाई, किती बरं वाटतंय!" म्हणाल्या. अण्णाजींना भरून आलं. उगाच घाबरलो, असं वाटलं.

परतीच्या गाडीत घाम पुसायला त्यांनी टोपी काढली. टोपीला आतून रुईचे तंतू चिकटले होते. पांढरे नव्हते. जुने, पिवळट.

मूठ टोपीत होती तर. आता नव्हती.

मामांच्या खुर्चीतली मूठ असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कोऱ्या खुर्चीतली काढलीच नव्हती. की काढली होती? आणि भरताना हात कुठल्या खुर्चीत गेला? डोकं आठवू पाहत होतं, पण हे काम डोक्यानं कधी केलंच नव्हतं. आठवत होती ती फक्त दारातली मामी आणि हातावर खिळलेली तिची नजर. तीही ह्याच मुठीची वाट पाहत होती काय? परत जावं, खुर्ची उघडावी, असं दोनदा मनात आलं. पण श्रीनिवासरावांना सांगायचं काय? की चाळीस वर्षांच्या कारागिराला आपला हात कुठं गेला ते ठाऊक नाही? पुलगाव आलं, अण्णाजी उतरले आणि घरी गेले. ह्याची लाज त्यांना पुढं मरेपर्यंत वाटली.

ज्येष्ठात दुसरं कार्ड आलं. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. अण्णाजी कार्ड हातात घेऊन ओट्यावर बसले आणि रडले. त्याच रात्री पाळण्याची गादी शिवली, कोरी रुई घालून, विरजणाशिवाय. ओळखीच्या गार्डबरोबर ती तिसऱ्या दिवशी बोरगावला पोचवली. बाराव्या दिवशी बारशाला स्वतः गेले.

घर बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांचा आणि धुरीचा वास. पाळणागीत चाललं होतं, पण त्याच्या वर बाळाचं रडणं ऐकू येत होतं, बारीक, न थांबणारं. सरोजिनीबाईंचे डोळे जागरणानं खोल गेले होते. मामी विधवा म्हणून पाळण्याकडे न येता आतल्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"पाळण्यात ठेवलं की असाच रडतो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "दूध पितो. पण अण्णाजी, मला भीती वाटते. उचलला की हातात काही घेतलंय असं वाटतच नाही. सगळे म्हणतात, मनाचे खेळ..."

"गादीत सरकी राह्यली असन. टोचत असन त्याले. उचला जरा, मी पाह्यतो."

सरोजिनीबाईंनी बाळ उचललं. अण्णाजींनी पाळण्यात हात घातला आणि तो तसाच ठेवला.

गादी सपाट होती. ज्या दिवशी शिवली त्या दिवशीसारखी, फुललेली, तंतू न् तंतू उभा. नऊ दिवस, नऊ रात्री त्यावर बाळ झोपलं होतं, आणि तिच्यावर कुणीच झोपलं नव्हतं.

खिडकीशी हिरवी खुर्ची होती. तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिलं. दोन महिने रोज बसलेल्या सरोजिनीबाईंची बैठक पुसून गेली होती. हिरव्या कापडाच्या मधोमध एक खळगा होता, दोन ओंजळींत मावेल एवढा. एका टोकाला डोक्याएवढा गोल.

"खुर्चीवर... याले ठेवता काय तुम्ही?"

"नाही हो. बाळंत झाल्यापासून मी बसले नाही, की कुणाला बसू दिलं नाही. का?"

"शिवण उसवली हाये," अण्णाजी म्हणाले. "मी घेऊन जातो. आत्ताच. दुसरी देतो करून, ह्यापेक्षा चांगली देतो."

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ती उचलली. आपल्या खुर्चीचं वजन अण्णाजींना ठाऊक होतं. ही जड होती. फार नाही. तीनेक शेर.

रडणं थांबलं.

"झोपला वाटतं एकदाचा," कुणीतरी म्हणालं, आणि बायका पुन्हा गाऊ लागल्या. सरोजिनीबाईंनी मात्र छातीशी धरलेलं बाळ दूर धरून पाहिलं.

"अण्णाजी..." त्या म्हणाल्या. "अण्णाजी, हा श्वास घेत नाही... ओठ बघा हो याचे..."

अण्णाजींनी खुर्ची वीतभर खाली आणली. बाळाच्या छातीत एक हुंदका आला. पकड सावरताना खुर्ची पुन्हा किंचित वर गेली, आणि हुंदका मधेच तुटला.

गाणं बंद पडलं होतं. आतल्या उंबऱ्यावर यशोदामामी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बाळाकडे पाहिलंही नाही. त्या खुर्चीकडे पाहत होत्या, फार मायेनं.

"हळूच, अण्णाजी," त्या म्हणाल्या. "मान सांभाळून ठेवा."