खालचा हिस्सा

हक्कसोडपत्राच्या दिवशी भाऊ बहिणीला साडी घेतो. त्या साडीचा पोत बघून जमीन किती असेल ते मी सांगू शकतो. जमीन जितकी मोठी, तितकी साडी हलकी. अंबरनाथला स्टेशनाजवळ माझं छोटं ऑफिस आहे. वारसांच्या नोंदी, भाडेकरार, हक्कसोड, असली कामं करतो. मी वकील नाही, पण लोक म्हणतात आणि मी फारसं अडवत नाही.

बाळाजी बदलापूरच्या मांजर्लीहून आले तेव्हा साडीची पिशवी त्यांच्या हातात आधीच होती. सही व्हायच्या आधी साडी घेणारा भाऊ एकतर फार प्रेमळ असतो, नाहीतर फार घाईत. बाळाजी खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"शशिकांतभाऊ, बोअर मारली. पानी नाय लागला. गॅस लागला."

मी हसलो. त्यांनी मोबाइल पुढे केला. जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप, त्याच्या तोंडाशी निळी ज्योत आणि ज्योतीवर चहाचं पातेलं.

मी त्यांना नीट समजावलं. सातबारा वरच्या मातीचा असतो. पोटातून तेल निघो की वायू, तो सरकारचा. वारशाने येते ती जागा, आणि भाड्याने देता येते तीही जागाच. बाळाजींनी मान डोलावली आणि दाराबाहेर बघून हाक मारली. चंदरशेठ आत आला. उल्हासनगरचा सिंधी, तिथे त्याचा फरसाणचा कारखाना आहे. माणूस गोड, पण मापात.

"शशीभाई, बोअर किसकी? पानी की. भट्टी किसकी? फरसाण की. मग गॅसचं नाव कोणी घेतलं? तुम्हीच घेतलं."

त्याला ती जागा लीजवर हवी होती आणि अट एकच होती. बाळाजींच्या बहिणीची सही पाहिजे, वरच्या हक्काची आणि खालच्याही.

"खालचा हक्क लिहून काही उपयोग नाही," मी म्हटलं.

"लिहा तरी. मागे एका गोडाउनचं भाडं भरलं आणि मालकाची बहीण उगवली. बहिणी म्हणजे भुईमूग, साईं. वरून कळत नाही, खाली किती आहेत."

बहीण एकच होती. बनूबाई, बाळाजींहून मोठी, नवरा गेल्यापासून त्याच जागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणारी. सही झाली की खोली पडणार आणि तिथे भट्टीची शेड उभी राहणार. "माझ्याकडं गॅलरी बंद करून घेतलीय," बाळाजी म्हणाले. "तिथं झोपंल ती." ती गॅलरी मी पाहिलेली आहे. तिथे वॉशिंग मशीन कसंबसं झोपतं.

जागा बघायला मी सकाळी गेलो. थंडीचे दिवस. उल्हास नदीवरून धुकं चढून येत होतं आणि सोसायट्यांचे खालचे मजले त्यात नाहीसे झाले होते. वरचे मजले, वाळत घातलेले कपडे आणि टाक्या नुसत्याच हवेत राहिल्या होत्या. जागेत एक जुनी विहीर कधीतरी मुरूम टाकून बुजवलेली दिसत होती. बोअर तिच्या अगदी कडेला होती. जवळ गेलो तरी कसलाच वास नव्हता. ज्योत वाऱ्याने हलत नव्हती. ती आपल्या मनाने लहानमोठी होत होती, झोपलेल्या माणसाचं पोट होतं तशी.

बनूबाई पाटावर बसल्या होत्या. लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला, चेहरा शांत. त्यांनी न विचारता चहा टाकला. पातेलं उतरवलं तेव्हा त्याचं बूड कोरं होतं, दुकानातून आणल्यासारखं.

"भाऊ, वरचा सगला लिवा," त्या म्हणाल्या. "एवढी खोली राहू द्या नि खालचा माझ्याकडं राहू द्या."

"खालचं सरकारचं असतं, बनूबाई."

"सरकार फुंकाला येतं काय?"

मी चहा प्यायलो. चहा चांगला होता. कशासारखा, ते आठवेना, पण आठवत होतं.

"माझ्या आतेनी हक्क सोडला, तवा वरचाच सोडला," त्या सांगू लागल्या. "तिच्या आतेनी पन वरचाच. आमच्यातल्या बायका साडी घ्यायच्या नि अंगठा द्यायच्या. खालचा कुना भावानं मागितलाच नाय. मंग तो आमच्याकडंच ऱ्हायला."

धंद्याच्या दृष्टीने मला हे फारच आवडलं. जे लिहिलं नाही ते सुटलं नाही. पुरुष पिढ्यानपिढ्या वरची माती मोजत बसले आणि तळ बायकांच्या नावावर जमत गेला, कुठेही नोंद न होता. मनातल्या मनात मी त्या सगळ्या आत्यांना नमस्कार केला.

"पण खाली आहे काय?" मी विचारलं.

बनूबाईंनी ज्योतीकडे बघितलं. "पाली हाय माझी," एवढंच म्हणाल्या. विहिरीच्या पाण्याची असते तशी पाळी, असं मी धरलं.

दुपारी ऑफिसात खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात एक ठेंगणं स्वयंपाकघर होतं, भिंती ओल्या, उजेड निळसर, जसा पाण्याखाली असतो. एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्या तोंडाला फुंकणी होती. चूल मात्र कुठेच नव्हती. फुंकणीचं दुसरं टोक वर, छतात गेलेलं. छतावर कुणीतरी चालत होतं. कुठूनतरी कुकरची शिटी ऐकू आली, रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, आणि मला कळलं की ते आमचं गाव आहे, वरच्या बाजूला. मला तिथे बरं वाटत होतं. उठावंसं वाटेना.

संध्याकाळी बाळाजींना फोन करून मी आडून आडून विचारलं.

"बाई दिसली ना?" ते सहज म्हणाले. "ज्यानी ज्यानी चा पिला त्याला दिसते. चंदरशेठला पन दिसली. तो बोलला, मजूर मिल गया, वो भी बिना पगार."

"बाळाजी, खालचं राहू द्या. त्याला कायद्याने किंमत नाही. खोलीपुरती जागाही ठेवा, शेड सरकवता येईल."

"अर्धा मासा तव्यावर ठेवून कुनी उठतो काय?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भावाबहिणीला समोर बसवून कच्चा मसुदा वाचून दाखवायला मी पुन्हा मांजर्लीला गेलो. बनूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "वरील व खालील सर्व हक्क" या शब्दांपाशी त्यांनी हात वर केला.

"बाला, वरचा घे. खोली पन घे, जा. मी गॅलरीत येते. खालचा नको मागू."

मी चमकून पाहिलं. हातातली खोली सोडून नसलेली गोष्ट राखायची, हा हिशेब माझ्या डोक्यात बसेना. बाळाजींच्या डोक्यात तो लगेच बसला. बहीण ज्यासाठी खोली सोडते, ते खोलीहून मोठं असणार.

"खालचा पन पायजे," ते म्हणाले. "नाय दिलास, तर तुला म्हायेर नाय. भाऊ मेला समज."

"असा बोलू नको रं."

"बोललो."

बनूबाई सरळ बसल्या. आवाज बदलला नाही, पण प्रश्न विचारल्यासारखा न वाटता विधी केल्यासारखा वाटला.

"तू मागतोस? तुझ्या तोंडानी?"

"हा, मागतो."

"खालचा?"

"खालचा पन."

"मंग घे," त्या म्हणाल्या.

नोंदणी कार्यालयात सगळं सुरळीत झालं. फोटो, अंगठा, शिक्का. बाळाजींनी साडी दिली. फारच हलकी होती. बनूबाईंनी ती हातावर तोलली आणि त्या बाहेर पायरीवर आल्या.

तिथे त्यांनी श्वास घेतला.

नदीच्या तळाशी बुडी मारलेला माणूस वर येऊन घेतो तसा. छाती भरून, आवाज करून. मग दुसरा घेतला. मग त्या मोठ्यानं हसल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले.

"भाऊ, उसाचा रस पाजा," त्या म्हणाल्या. "लई गार वाटतंय."

रस पिऊन त्यांनी रिक्षा थांबवली. वांगणीला नणंद होती, तिच्याकडे जाते म्हणाल्या. खोलीतलं सामान आणायला मी गाडी देऊ का विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. रिक्षा निघाली तरी त्या बाहेर तोंड काढून हवा खात होत्या, जत्रेतल्या पोरीसारख्या.

लीजच्या कराराला आठवडा गेला. सही जागेवरच घ्यायची ठरली, कारण बाळाजी ऑफिसला येत नव्हते.

धुकं त्या दिवशीही होतं. बदलापूरला असा गारठा वर्षातून थोडेच दिवस पडतो. पत्र्याची खोली पाडून झाली होती. बाळाजी पाटावर बसले होते, पाइपाजवळ, ओठ किंचित गोल करून, समोर फुंकणी असल्यासारखे.

त्यांची बायको शालन लांब उभी होती. "सहीच्या दिसापासून इथंच हायत," ती म्हणाली. "जेवाला बोलवला तर नुसती मान हलवतात."

चंदर खुशीत होता. "ज्योत देखो, शशीभाई! डबल हो गयी. मालकाचा हात लागला की धंदा वाढतो."

ज्योत खरंच कमरेपर्यंत आली होती. अगदी स्थिर.

बाळाजींनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती. त्या नजरेत काहीतरी विनवणीही होती, पण ओठ हलले नाहीत. मी पेन दिलं. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीचंच.

रिवाजाप्रमाणे करार वाचून दाखवायचा असतो. चंदरने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागला. थंडीने त्याच्या तोंडातून वाफ येत होती, शब्दाला एक ढग, मग खंड, मग दुसरा. माझ्याही तोंडून येत होती. शालनच्याही.

बाळाजींच्या ओठांतून पांढरा बारीक धागा निघत होता आणि ज्योतीकडे जात होता.

तो तुटण्याची मी वाट बघू लागलो. माणूस श्वास सोडतो, मग घेतोच.

चंदरने जागेचं वर्णन वाचलं. चतुःसीमा वाचल्या. मुदत वाचली. अटी वाचल्या, एकेक करून, प्रत्येक अटीपाशी थांबून.

शेवटची ओळ संपली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

धागा अजून तुटला नव्हता.