घरच्या बियाण्याची पावती

ज्याला मी गाढव म्हटलं, तो माझ्याच बाकावर बसून डबा खात होता.

मला कुठे माहीत होतं? कृषी खात्याच्या व्हरांड्यात मी सकाळपासून ताटकळत होते. हरकती घ्यायची खिडकी जेवणासाठी बंद झाली होती आणि माझं डोकं तापलं होतं. शेजारच्याने नुसतं विचारलं, "कशाबद्दल हरकत?" — आणि मी सुटलेच.

"सरकार म्हणे घरचं बी जपणाऱ्या शेतकऱ्यांकडून बियाणं घेणार. उत्तम. आणि मसुद्यात कलम नऊ — 'बियाणे खरेदीची पावती जोडावी.' अहो, आमच्या काकडीचं बी पणजीपासून घरात धरलंय. पावती कोणाची आणू, काकडीची? ज्या गाढवाने हे लिहिलं, त्याला एकदा बांधावर उभा करायला पाहिजे."

त्याने डब्याचं झाकण लावलं. अगदी सावकाश. "मी लिहिलंय," तो म्हणाला.

दुसरी कोणी असती तर जीभ चावली असती. मी म्हटलं, "बरं झालं. शोधायची पायपीट वाचली."

त्याचे कान लाल झाले, पण हसला. "मला वाटलं, पावती मागितली नाही तर कोणीही बाजारातलं बी घरचं म्हणून खपवेल."

"आणि पावती असेल तर ते बाजारातलंच असेल, हे नाही वाटलं?"

"नाही. खरंच नाही वाटलं." मग डबा पिशवीत टाकत, "दहा दिवसांनी सुनावणी आहे. घरचं बी ओळखायचं कसं, ते दाखवाल?"

"रविवारी या. जुने बूट घालून."

आला तो नवेकोरे बूट घालून. आईने त्याच्या हातात टोपली दिली आणि काकड्या तोडायला पाठवलं. आईने मला आधीच बजावलं होतं — या योजनेत आपलं बी बसलं नाही, तर पुढच्या हंगामाला कंपनीचं लावायचं, आता एकटीने रेटवत नाही. आणि एकदा ते लावलं, की पणजीचं बी संपलं. माझा सगळा राग तिथे होता.

अर्ध्या तासाने साहेब घामाघूम होऊन परतले. टोपलीत सगळ्यात वर एक टपोरी काकडी, देठाला लाल दोरा.

"ही सगळ्यात चांगली," तो खुशीत म्हणाला. "तुम्ही खूणही करून ठेवली होती."

आई मटकन बांधावर बसली.

"ती बियाण्याची होती," मी ओरडले. "दोरा बांधला की त्या काकडीला कोणी हात लावायचा नाही. वेलावरच पिवळीधम्मक होऊ द्यायची. सहाच ठेवल्या होत्या, त्यातली एक तुम्ही हिरवीच तोडलीत. शिकलेल्या माणसांचं हे असं. वाचता येतं, दिसत नाही."

तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी थांबले, तर म्हणाला, "अजून बोला."

"संपलं."

"नाही संपलं. नाकाच्या शेंड्यावर दिसतंय अजून."

मला हसू आलं, याचाही मला राग आला. तो मात्र चिखलात उकिडवा बसला होता, बूट विसरून, आणि आईला विचारत होता — दोरा कधी बांधता, वेल कसा निवडता, फळात काय बघता. आई कधी नव्हे ते भरभरून सांगत होती. मी त्याच्या मानेवरचा घाम बघत होते… उगाच.

सुनावणीला मोठ्या साहेबांनी विचारलं, "कलम नऊवर दोनशे बारा हरकती आहेत. खात्याचं म्हणणं काय?"

तो उभा राहिला. "हे कलम मी लिहिलं. खुर्चीत बसून. ते चुकलंय. पीक उभं असताना शेतात जाऊन राखलेली फळं बघावीत, तोच पुरावा. पावती नको."

"आणि जाणार कोण?"

"मी जाईन."

"मग हे टेबल सोडावं लागेल. बढतीही विसरा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "चालेल," म्हणाला.

कलम तिथेच खोडलं गेलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र जिन्यात त्याला गाठलं. "बढती सोडलीत? मला एका शब्दाने न विचारता?"

"तुम्हाला का विचारायचं?"

"कारण… कोणाचं नुकसान झालेलं मला बघवत नाही."

"कोणाचं," तो म्हणाला. "बरं." आणि उतरून गेला. आठवडाभर मी आईवर, वेलांवर, दारावर राग काढत होते.

पहिली तपासणी आमच्याच शेताची निघाली. या वेळी बूट जुने होते. त्याने वेल तपासले. "राखलेल्या काकड्या पाच."

"सहा होत्या."

"तसं लिहू? सहावी अधिकाऱ्याने तोडली?"

मी ओच्यातला लाल दोरा काढला आणि त्याच्या शर्टाच्या बटणाला बांधला. गाठ दोनदा सुटली.

"याचा अर्थ…" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "कोणी हात लावायचा नाही?"

"दुसऱ्या कोणी," मी म्हटलं. "आणि पुन्हा असं काही न विचारता सोडलंस, तर बघ."

आईने बांधावरून हाक मारली, "झाली का हो तपासणी?"

"नाही, आई," तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला. "वेळ लागेल."