राख निवडताना

दुपारचा चहा झाल्यावर सून कणांची बशी आणायला सासूबाईंच्या खोलीकडे निघाली, तेव्हा तिच्या मनात भीतीबिती काही नव्हती. रोजचंच काम होतं. दोघी एकाच प्रयोगशाळेत. सासू ज्वालामुखीच्या राखेतून काचेसारखे चकचकीत कण निवडायची; सून ते लेझरनं वितळवून आत कोंडलेला वायू मोजायची आणि त्यावरून राखेचं वय काढायची. सासू-सुनेचं घरीही पटतं आणि कामावरही पटतं, याचं लोकांना राखेच्या वयापेक्षा जास्त नवल वाटे.

निवडणं दिसायला तांदूळ निवडण्यासारखं, पण महाकठीण. ज्वालामुखी फुटला की नव्या राखेबरोबर डोंगराच्या पोटातल्या जुन्या दगडांचा चुराही बाहेर पडतो. त्या जुन्या कणांना प्रयोगशाळेत 'पाहुणे' म्हणत. नवा कण आणि पाहुणा अगदी जुळे भाऊ. भिंगाखालीसुद्धा ओळखू यायचे नाहीत. आणि एखादा जरी पाहुणा लेझरखाली गेला, तरी सगळ्या हिशेबाचा विचका. सासूबाईंच्या बशीत मात्र आजवर एकही पाहुणा निघाला नव्हता. सुनेला त्यांच्या हाताचा इतका अभिमान, की माहेरी गेली तरी ती स्वतःच्या आईपुढे सासूचंच कौतुक करीत बसे.

या वेळी चुकायला जागाच नव्हती. राखेच्या एका थरात लहान मुलाची कवटी सापडली होती. माणसं माणसं झाली त्याच्या फार आधीचं लेकरू. कवटी काढली आणि पाठोपाठ तो सगळा कडाच ढासळून नदीत गेला. हाती उरली चिमूटभर राख. ती वाया गेली असती तर त्या लेकराचं वय कुणालाच कधी कळलं नसतं.

सुनेनं दार लोटलं. आत काळोख होता. पडदे ओढलेले, भिंगाचा दिवा बंद, आणि कोंदट हवेत विझलेल्या चुलीचा वास. सासूबाई टेबलावर वाकलेल्या होत्या. त्यांचा डोळा भिंगाला नव्हता. त्यांनी बशीला कान लावला होता. हातातल्या ओल्या कुंचल्याचं टोक हळूच खाली जाई, एक कण उचली आणि बाजूला ठेवी.

"आई... दिवा का बंद आहे?"

"गुणगुणतो मेला. ऐकू देत नाही."

मग सासूबाईंनी कुंचला खाली ठेवला आणि शांतपणे सगळं सांगितलं. नजर जाऊन बरेच दिवस झाले होते. घरात त्या सवयीनं वावरत. सुनेला सांगितलं असतं तर तिनं ही खुर्ची काढून घेतली असती, आणि ते बरोबरच झालं असतं. पण नजर गेल्यावर कण बोलू लागले होते.

"पाहुणे मुके असतात गं. नवे असतात ते बोलतात. हे तर... हाका मारतायत. एकच बाई आहे. पोराला बोलावतेय."

वयाचा परिणाम, असं सुनेला वाटलं. तरी खात्री करायला तिनं दुसऱ्या बाटलीतले जुने कण मोजून घेऊन गुपचूप बशीत मिसळले. सासूबाईंनी कान लावला, हसल्या आणि ते सगळे वेचून तिच्या तळहातावर ठेवले. म्हणाल्या, सासूची परीक्षा घेणारी सून घराण्यात पहिलीच. सुनेच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी त्या म्हातारीच्या पाया पडावंसंही वाटलं.

निवडलेले कण घेऊन ती लेझरच्या खोलीत गेली. एकेक कण पांढरा होऊन वितळत गेला, आणि प्रत्येकाचं वय तेच आलं. इतकं स्वच्छ उत्तर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आनंदानं ती मागे वळली, तर सासूबाई दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"हाक बारीक होत चाललीय... किती उरलेत?"

"एकच, आई. तोही झाला की उत्तर आणखी पक्कं होईल."

"उत्तर मिळालंय तुला. हा राहू दे. ती अजून शोधतेय गं त्याला."

सुनेनं आजवर एकही कण मागे ठेवला नव्हता. लोक विचारणार, हसणार. पण ज्या हातानं तिला हे उत्तर दिलं होतं त्याला ती नाही कसं म्हणणार? तिनं लेझर बंद केला.

कवटी शेजारच्या कपाटात, काचेच्या पेटीत होती. सुनेनं झाकण उचललं. सासूबाईंनी चाचपडत तो कण कवटीजवळ ठेवला. झाकण लागलं. काचेला कान लावून त्या पुटपुटल्या, "गप्प झाली."

दोघी घरी गेल्या. शांत झोपल्या.

सकाळी सुनेनं कपाट उघडलं. पेटीच्या काचेवर, त्या इवल्या दातांसमोर, एक धुरकट डाग होता. तिनं पदरानं काच पुसली. डाग निघेना. तो आतल्या बाजूला होता.

"काय गं, काही दिसतंय का?" मागून सासूबाईंनी विचारलं.

काचेवरची वाफ हळूहळू विरत गेली, काच लख्ख झाली... आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, पुन्हा वाफ धरली.